पंचेचाळिशी आली, पेन्शनचा पत्ता नाही; आता कुठली दारं उघडी आहेत?

१४ मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी कर्मचारी, शिक्षक आणि जिल्हा परिषदेचे लोक संपावर गेले. घोषणा एकच होती, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. सात दिवस शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या ठप्प झाल्या. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन स्कीम, म्हणजे यूपीएस आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

या काळात पेन्शनवर भरपूर चर्चा झाली. जुनी चांगली की नवी, सरकारच्या तिजोरीवर किती बोजा पडेल, हे सगळं बोलून झालं.

पण ही चर्चा बाहेर उभं राहून ऐकणारा एक फार मोठा वर्ग होता. मेडिकलच्या दुकानात वीस वर्षं काउंटर सांभाळणारा माणूस, एमआयडीसीत कंत्राटदाराकडून कामाला लागलेला फिटर, खासगी क्लासमधले सर, रिक्षावाले, घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या ताई, सोसायटीचा वॉचमन. त्यांच्यासाठी 'जुनी की नवी' हा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्याकडे कुठलीच पेन्शन नाही.

या वर्गातला माणूस साधारण पंचेचाळिशीत जागा होतो. मुलं दहावी-बारावीला आलेली असतात, आई-वडिलांची औषधं सुरू झालेली असतात आणि एखाद्या रात्री डोक्यात येतं, की साठीनंतर आपलं काय? मग तो मोबाइलवर सरकारी योजना शोधायला लागतो आणि एक गोष्ट लक्षात येते. गरिबांसाठी आणि असंघटितांसाठी काढलेल्या बहुतेक पेन्शन योजनांचं दार चाळिशीलाच बंद होतं.

ते का बंद होतं आणि पंचेचाळिशीतल्या माणसासाठी नक्की काय शिल्लक राहतं, ते समजून घेऊ.

आधी बघू, पेन्शन कोणाला किती

भारतात पेन्शनचे ढोबळमानाने तीन मजले आहेत.

सगळ्यात वरच्या मजल्यावर सरकारी कर्मचारी आहेत. केंद्रात १ जानेवारी २००४ च्या आधी आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळते. त्यानंतरचे एनपीएसमध्ये गेले. आता यूपीएस निवडली तर २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या वर्षभराच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शन आणि १० वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये, असं गणित आहे. वर महागाई भरपाईही मिळते.

मधल्या मजल्यावर पीएफ कापला जाणारे खासगी आणि सहकारी क्षेत्रातले कामगार आहेत. त्यांच्यासाठी १९९५ पासून ईपीएस-९५ ही पेन्शन योजना आहे. तिची किमान पेन्शन आहे महिना १,००० रुपये. हा आकडा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरला. आज एवढ्यात घरगुती गॅसची टाकी आणि आठवड्याची भाजी येते.

तळमजल्यावर बाकी सगळे आहेत. ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नोंद झाली आहे. त्यांच्या पगारातून पीएफ कापलाच जात नाही. म्हातारपणी अगदीच निराधार झाले तर महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही वयाची ६५ वर्षं झाल्यावर. शिवाय नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्याच्या घरात एखादा मुलगा रोजंदारीवर नियमित जातो, ते घरसुद्धा या अटीत बसणं अवघड आहे.

ईपीएस-९५ चं गणित

तुमच्या पगारातून पीएफ कापला जात असेल, तर हा भाग नीट वाचा. बऱ्याच जणांना वाटतं, की पीएफ आहे म्हणजे पेन्शनची सोय झाली.

मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर तुमचे १२ टक्के कापले जातात आणि ते सगळे पीएफ खात्यात जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शन फंडात जाणारी रक्कम साधारणपणे १५,००० रुपयांच्या पगारावरच मोजली जाते. तुमचा मूळ पगार ४०,००० असला तरी पेन्शनसाठी महिन्याला जाणार १,२५० रुपये.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. नोकरी किमान १० वर्षांची हवी आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते.

कोणी ३२ व्या वर्षी पीएफमध्ये आला आणि ४५ व्या वर्षी नोकरी सुटली, म्हणजे १३ वर्षं भरली. तर १५,००० गुणिले १३ भागिले ७०, म्हणजे महिना साधारण २,७८६ रुपये. ३५ वर्षं भरली तरी ७,५०० रुपये. एकदा पेन्शन सुरू झाली, की महागाईप्रमाणे ती वाढत नाही. ५८ व्या वर्षी जी रक्कम मिळते, तीच ७८ व्या वर्षी मिळते.

म्हणूनच साखर कारखाने, एसटी, सूतगिरण्या, सहकारी संस्थांमधून निवृत्त झालेली माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. बुलडाण्यात तर या पेन्शनरांनी प्रदीर्घ साखळी उपोषण चालवलं. मागणी आहे किमान ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता. देशात ईपीएस पेन्शनरांची संख्या ७८ लाखांच्या घरात आहे, तरी मार्च २०२३ च्या संपाला मिळाली तेवढी जागा त्यांच्या उपोषणाला बातम्यांत मिळाली नाही. कारण उघड आहे. कामावरच्या माणसाने संप केला की कचेरी बंद पडते, निवृत्त माणूस उपाशी बसला तर काहीच बंद पडत नाही.

चाळिशीला बंद होणारी दारं

आता तळमजल्यावरच्या योजनांकडे येऊ.

अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये आली. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये पेन्शनची हमी, नंतर तेवढीच पेन्शन जोडीदाराला आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला. २०२५ मध्ये तिच्या सदस्यांची संख्या ८ कोटींच्या पुढे गेली. प्रवेशाचं वय १८ ते ४०. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना प्रवेश बंद झाला.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना २०१९ ची. महिना १५,००० पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगाराला साठीनंतर ३,००० रुपये. तुम्ही जेवढे भरता तेवढेच सरकार भरतं. वय १८ ते ४०.

प्रधानमंत्री किसान मानधन योजनाही २०१९ चीच. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला ३,००० रुपये. वय पुन्हा १८ ते ४०.

सरकारच्या बाजूने यामागे हिशोब आहे. हमीची पेन्शन द्यायची तर पैसा वाढायला किमान वीस वर्षं हवीत. अटल योजनेत ५,००० च्या पेन्शनसाठी १८ व्या वर्षी महिना २१० रुपये पुरतात, ३० व्या वर्षी ५७७ लागतात आणि ३९ व्या वर्षी १,३१८. पंचेचाळिशीला हा हप्ता गरिबाच्या आवाक्याबाहेर जाईल.

हिशोब बरोबर आहे, पण तो माणसाच्या आयुष्याशी जुळत नाही. असंघटित कामगाराच्या हातात १८ ते ४० या काळात पैसा उरतच नाही. आधी बहिणीचं लग्न, मग स्वतःचं, मग पोरांच्या शाळा, मग घराचं पत्र्याचं छप्पर बदलणं. थोडी उसंत मिळते ती चाळिशीनंतर, आणि तोपर्यंत योजनेचं दार बंद झालेलं असतं. शिवाय या योजना २०१५ आणि २०१९ मध्ये आल्या. त्या आल्या तेव्हाच जे ४१ वर्षांचे होते, त्यांना एक दिवसही संधी मिळाली नाही.

आज पन्नाशीत असलेल्या असंघटित माणसाची अडचण ही आहे. तो आळशी होता म्हणून उशीर झाला, असं म्हणणं सोपं आहे. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत योजनाच उशिरा आली.

पैसे गेले कुठे?

तरीही ज्यांच्याकडे पीएफ होता, त्यांचं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफमधून पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरलं, तेव्हा सरकारकडूनच एक आकडा सांगितला गेला. अंतिम हिशोबाच्या वेळी निम्म्या सदस्यांच्या पीएफ खात्यात २०,००० रुपयेसुद्धा नसतात.

याचं कारण बहुतेकांना अनुभवाने माहीत आहे. नोकरी बदलली की पीएफ काढायचा. दोन-चार वर्षांचे जमलेले ६० हजार, लाख, दीड लाख रुपये हातात आले की गाडी, लग्न, हातउसने देणं यात जातात. रक्कम छोटी वाटते म्हणून हळहळही वाटत नाही.

पण ३५ व्या वर्षी काढलेले २ लाख रुपये तिथेच राहिले असते, तर ८ टक्के व्याजाने साठीला साधारण १३ लाख ७० हजार झाले असते. शिवाय पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतले, तर तेवढ्या वर्षांची सेवा पुसली जाते. म्हणजे १८ वर्षं नोकरी करूनही पेन्शनच्या हिशोबात चारच वर्षं उरू शकतात आणि १० वर्षांची अट पुरी होत नाही.

दुसरं कारण घराघरात आहे. 'मुलं आहेत की बघायला.' आपल्याकडे मुलगा हीच पेन्शन होती आणि बऱ्याच घरांत आजही आहे. पण मुलगा पुण्याला बारा हजारांवर खोली घेऊन राहतो, त्याला स्वतःचा ईएमआय आहे, तर तो गावाकडे किती पाठवणार? आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता यावा म्हणून देशाला २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कायदा करावा लागला, त्यावरून काय ते समजतं.

संख्याही बदलते आहे. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीसोबत २०२३ मध्ये एक अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये देशातल्या दर दहा माणसांत साधारण एक साठीच्या वरचा होता, २०५० मध्ये दर पाचांत एक असेल. साठीला पोहोचलेला माणूस सरासरी आणखी १८ वर्षं जगतो, बाई १९ वर्षं. आणि साठीवरच्या दर शंभरांतल्या जवळपास १९ जणांना स्वतःचं कुठलंच उत्पन्न नाही.

पंचेचाळिशीत सुरुवात केली तर किती जमेल?

इथे खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. सरळ हिशोब मांडू आणि सगळीकडे ८ टक्के परतावा धरू.

महिना ५,००० रुपये २५ व्या वर्षापासून भरले तर साठीला जमतात साधारण १ कोटी १५ लाख. तेच ४५ व्या वर्षापासून भरले तर जमतात साधारण १७ लाख ३० हजार. वीस वर्षांच्या उशिराची ही किंमत आहे.

आता ४५ ला सुरू करून दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे पुढच्या वर्षी ५,५००, मग ६,०५०, तर साठीला रक्कम जाते ३२ लाखांच्या जवळ. शेवटच्या वर्षी हप्ता १९ हजारांच्या आसपास असेल, पण तोपर्यंत मुलांची शिक्षणं संपलेली असतात. आणि साठीऐवजी ६३ पर्यंत काम करून असंच भरत राहिलं, तर रक्कम होते साधारण ५० लाख.

म्हणजे हप्ता वाढवत नेणं आणि तीन वर्षं जास्त काम करणं, या दोन गोष्टींनी रक्कम जवळपास तिप्पट होते. ४५ व्या वर्षी मागची वीस वर्षं परत आणता येत नाहीत, पण या दोन गोष्टी अजून हातात असतात.

अर्थात महागाई आहेच. आज घरखर्च ३०,००० असेल तर ६ टक्के महागाईने पंधरा वर्षांनी तो ७२,००० होतो. साठीला हातात आलेल्या ३२ लाखांची आजच्या हिशोबाने किंमत साडेतेरा लाखांच्या आसपास भरते. त्यामुळे एवढ्यावर आरामात बसता येईल, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण औषधांसाठी दर महिन्याला मुलापुढे हात पसरणारा म्हातारा आणि आपले पैसे आपण काढून देणारा म्हातारा, यात फरक पडतो.

उघडी असलेली दारं

पहिलं दार पीएफचंच आहे. यूएएन नंबर काढा, पासबुक उघडा आणि पेन्शनची सेवा किती वर्षं धरली आहे ते बघा. जुन्या कंपनीची खाती जोडली नसतील तर जोडून घ्या. १० वर्षांना दोन-तीन वर्षं कमी पडत असतील तर पीएफ कापणारी नोकरी धरणं हे चार पैसे जास्त देणाऱ्या बिनपीएफच्या नोकरीपेक्षा फायद्याचं ठरू शकतं. ४८ च्या आत असाल तर ५८ पर्यंत दहा वर्षं नव्यानेही भरता येतात. मात्र सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याचा मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला ईपीएसमध्ये घेत नाहीत, हे लक्षात ठेवा.

पन्नाशीनंतर मिळणारी लवकरची पेन्शन शक्यतो घेऊ नका. ५८ च्या आधीच्या दर वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. उलट ५८ नंतर थांबलात तर ६० पर्यंत दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

दुसरं दार व्हीपीएफचं. नोकरदाराला १२ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पगारातून पीएफमध्ये कापून घेता येते. ऑफिसला एक अर्ज द्यायचा असतो. २०२४-२५ साठी पीएफचं व्याज ८.२५ टक्के होतं. बँकेच्या एफडीपेक्षा हे चांगलं आहे आणि पगार हातात येण्याआधीच पैसे जात असल्याने खर्चही होत नाहीत.

तिसरं दार एनपीएसचं. २००९ पासून ते सगळ्यांना खुलं आहे आणि त्याला चाळिशीची अट नाही. साठी ओलांडल्यावरसुद्धा खातं उघडता येतं. वर्षाला १,००० रुपयांपासून भरता येतं. पूर्वी साठीला ४० टक्के रकमेची पेन्शन घ्यावीच लागायची, डिसेंबर २०२५ च्या नव्या नियमांनी बिगरसरकारी खातेदारांसाठी ही अट २० टक्क्यांवर आणली. इथे हमी नाही, पैसा बाजारात जातो. रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत कोणालाही ते घेता येतं.

चौथं दार पीपीएफचं. मुदत १५ वर्षं, म्हणजे ४५ व्या वर्षी उघडलेलं खातं साधारण साठीला पिकतं. व्याज २०२० पासून ७.१ टक्के आहे. पैसे सहज काढता येत नाहीत, हाच याचा गुण.

पाचवं दार बायकोच्या नावाने उघडतं. नवरा पंचेचाळीसचा असला तरी बायको चाळिशीच्या आत असू शकते. ती स्वतः आयकर भरत नसेल तर अटल पेन्शनमध्ये तिचं खातं निघतं. साठीनंतर मिळणाऱ्या ५,००० रुपयांची किंमत तेव्हा बरीच कमी असेल हे खरं, पण बाया जास्त वर्षं जगतात आणि घरात सगळ्यात शेवटी एकटी उरते ती बहुतेक वेळा तीच. लाडकी बहीण योजनेचे पैसेसुद्धा ६५ व्या वर्षापर्यंतच मिळतात.

साठीनंतर आणखी एक सोय आहे, पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. व्याज २०२३ पासून ८.२ टक्के आणि मर्यादा ३० लाख रुपये. ३० लाख ठेवले तर दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० मिळतात. मुद्दल तसंच राहतं.

बचतीच्या आधी दोन गोष्टी

साठलेला पैसा सगळ्यात जास्त कशात जातो, तर दवाखान्यात. पंचेचाळिशीत साखर-बीपी सुरू व्हायच्या आत आरोग्य विमा काढलेला बरा, कारण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे. विमा परवडत नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात आपल्या जवळचं कुठलं रुग्णालय आहे ते आधीच बघून ठेवा. सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं.

दुसरी गोष्ट कर्जाची. साठीनंतर ईएमआय राहता कामा नये. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी पीएफ रिकामा करण्याऐवजी शैक्षणिक कर्ज घ्यावं. ते मुलगा कमावता झाल्यावर फेडू शकतो. शिक्षणाला बँक कर्ज देते, म्हातारपणाच्या घरखर्चाला राहतं घर गहाण टाकल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि हा सापळा टाळा

उशीर झालेल्या माणसाला घाई असते आणि ही घाई ओळखणारे लोक बाजारात बसलेले असतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेसचं प्रकरण बाहेर आलं. दर आठवड्याला व्याज देण्याच्या आमिषाला भुलून भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत हजारो लोकांनी पैसे घातले होते. दर महिन्याला ५-१० टक्के देणारा कायदेशीर धंदा कुठेच नसतो.

बँकेतल्या ठेवीलाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा अनेक ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी अडकली. आता एका बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी गावातल्या एकाच पतसंस्थेत ठेवणं धोक्याचं आहे.

सरकारने काय करायला हवं?

एकट्या माणसाच्या काटकसरीने हा प्रश्न सुटणारा नाही. महिना १२ हजार कमावणाऱ्याला '५,००० ची एसआयपी करा' असं सांगणं ही थट्टा आहे.

तीन गोष्टी समोर दिसतात. एक, चाळिशीची अट शिथिल करून ४१ ते ५० मधल्या असंघटितांसाठी वेगळा गट करता येईल. हप्ता जास्त, पेन्शन कमी असली तरी चालेल, पण दार उघडं हवं. दोन, ईपीएसची किमान पेन्शन २०१४ च्या आकड्यावर अडकून राहू नये. ती एकदा वाढवून पुरणार नाही, महागाईशी जोडावी लागेल. तीन, श्रावणबाळची २१ हजारांची उत्पन्नमर्यादा आजच्या काळातली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम डिलिव्हरी आणि कॅबवाल्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. त्यातून पेन्शन उभी राहते की तो पैसा निधीत पडून राहतो, हे पुढच्या काही वर्षांत कळेल. बांधकाम कामगारांच्या कल्याण उपकराचे हजारो कोटी वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिल्याचा अनुभव देशाला आहे, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

तोपर्यंत ज्यांची पंचेचाळिशी आली आहे, त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. पीएफ असेल तर पासबुक उघडून पेन्शनची वर्षं मोजावीत. पीएफ नसेल तर पीपीएफ किंवा एनपीएसचं खातं उघडून पाचशे रुपये का होईना, पहिला हप्ता भरावा. आणि घरात किंवा ओळखीत कोणी ३८-३९ वर्षांचं असेल, तर त्याला अटल पेन्शनबद्दल आजच सांगा. त्याच्यासाठी ते दार अजून उघडं आहे, पण फार दिवस नाही.